फोन बंद, वाडा कुणाच्या रानात?

(रविवारची दुपार. युसूफ वडगावच्या शिवारात विजयसिंहांचं कापूस उपटून मोकळं झालेलं रान. मेंढपाळ आसाराम आणि त्याची बायको संगीता यांचं बिऱ्हाड, मेंढ्यांच्या वाड्यासह, कालच तिथं उतरलं आहे.)

विजयसिंह : वहिनी, आदी ते कुत्रं आवरा! फोन हाय तुमच्या पोरीचा. शिवकन्याचा. लाइनवरच हाय ती.

संगीता : माझ्या पोरीचा? तुमच्या फोनवर? ए मोत्या, हाट! बस तिथं! दादा, तिला तुमचा नंबर कुणी देला?

विजयसिंह : ते तीच सांगंल. म्या ताटावर बसलोतो, तसाच उठलो अन् गाडीला किक मारली. आसाराम कुठं गेला?

संगीता : मेंढ्या घेऊन वढ्याकडं गेलेत. माझ्या हातात कोकरू हाय दादा, दूध पाजायलेय. तुमीच ते मोठ्यानं ऐकू येतं तसं करा. हां. हॅलो? शिवू?

शिवकन्या : आई! सापडलीस गं बाई एकदाची! तुझा फोन कावून बंद हाय? सकाळपासून लावून लावून बोटं दुखायलीत माझी.

संगीता : बंद कुठं, मेलाय तो. सकाळी भरलेला आसतो, मेंढ्या सोडस्तवर निम्मा व्हतो, अन् ऊन वर यायच्या आत गार पडतो.

शिवकन्या : आसं कसं? मी देला तवा दोन-दोन दिवस चालायचा की.

संगीता : चालायचा. ते अपडेट घेतल्यापासून बाळंत मेंढीवानी खायलाय. कितीबी घाला, पुन्यांदा उपाशी.

शिवकन्या : अपडेट घेतलं कुणी?

संगीता : म्याच घेतलं. रोज यायचं, 'नवीन आलंय, घ्या, नवीन आलंय, घ्या.' मला वाटलं, फोन तू घेऊन देलेला, तर तूच तिकडून कायतरी धाडायलीस. लेकीनं धाडायचं अन् आपुन घ्यायचं न्हाई, बरं दिसतं का ते? मंग आमी मोहनरावांच्या रानात व्हतो तवा त्यांच्या ओट्यावर बसून घेतलं. त्यांच्या घरी वायफाय हाय ना. लई येळ लागला त्याला.

शिवकन्या : अगं आई, ते कंपनी धाडती!

संगीता : आता कळलं. घेऊन झाल्यावर उघडून बघितलं, तर तुझं कायबी नव्हतं आत.

विजयसिंह : काय म्हनावं तुमाला, वहिनी! आमच्या घरात सख्खा ल्योक पुण्याहून फोन करतो, तर आमची मंडळी म्हनती, सीरियल संपू द्या. अन् तुमी कंपनीचं अपडेट लेकीचं म्हनून घेतलं.

शिवकन्या : काका, नमस्कार. तुमाला लई तकलीफ देली.

विजयसिंह : कशाची तकलीफ? उलट तुमचा वाडा हितं बसलाय ते आमचं नशीब. चार राती मेंढ्या बसल्या की रानाला खताचं बघायलाच नको. बोल तू निवांत.

शिवकन्या : आई, फोनचा उजेड कमी केलास का?

संगीता : केला. इतका केला की तुझे आबा म्हनले, ह्याला मोतीबिंदू झालाय. मागल्या रानात रामप्रसादच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला लावला, तर लाइट गेली. घोड्याच्या पाठीवर ती सोलारची पाटी बांधली, तर घोडं बी हुशार. बरोबर सावली बघून हुबं ऱ्हायलंय.

विजयसिंह : मी सांगू का? अपडेट तर अपडेट, पर माळानं फिरताना रेंज नसती. फोन आपला सारखा रेंज हुडकत बसतो, अन् त्यातच त्याचा जीव जातो. चालताना विमानाचं चित्र दाबून ठेवायचं, वहिनी. मुक्कामाला आलं की काढायचं.

संगीता : अन् तवर पोरीचा फोन आला तर? त्यांना तिथं पोलीस ट्रेनिंगात फोन कधी हातात देतेत ह्याचा काय नेम हाय का? म्हनून तर म्या चालूच ठेवते, अन् तो मरतो.

शिवकन्या : आई, फोनचं ऱ्हाऊ दे. मला दुसरंच बोलायचंय. मी घरी येते.

संगीता : सुट्टी देली का?

शिवकन्या : सुट्टी न्हाई. कायमची येते. मॅडम म्हनल्यात, संध्याकाळच्या रोलकॉलच्या आत सांग, ट्रेनिंग करायचंय का सोडायचंय. तू फक्त 'ये' म्हन. मी लगेच बॅग भरते.

विजयसिंह : वहिनी, मी जरा तिकडं लिंबाखाली जाऊन बसतो.

संगीता : बसा हितंच, दादा. तुमचा फोन हाय, अन् आमच्या घराला भिंती कुठं हायत? शिवू, कुणी मारलं का तुला? कुणी वंगाळ बोललं?

शिवकन्या : न्हाई.

संगीता : पळणं जमंना का?

शिवकन्या : पळण्यात मी पुढं आसते. मेंढरांमागं पळून पळून पाय तयार झालेत ना. ते न्हाई.

संगीता : मंग?

शिवकन्या : झोप येत न्हाई, आई.

संगीता : झोप?

शिवकन्या : हसू नको. वर सिमेंटचा स्लॅब हाय. दार आतून लावून घेतेत. आत एकदम गप. मेंढरांचं रवंथ न्हाई, मोत्याचं भुंकणं न्हाई, तुझं खोकणं न्हाई. वर बघितलं की वाटतं, आता हे खाली येतंय. रातभर टक्क डोळे उघडे. मंग सकाळी परेडला हुब्या हुब्या झोप लागती. साहेब लाइनीतून भाईर काढतेत. वर्गात डोकं बाकावर पडतं. पोरी म्हनतेत, हिला मेंढरांत नेऊन टाका, लगेच घोरंल.

संगीता : खोटं न्हाई बोलल्या त्या.

शिवकन्या : आई!

संगीता : अगं, खरंच हाय ते. तू झालीस तवा चकलांब्याच्या माळावर आमी कापडाचं पालबी ठोकलं नव्हतं. तुला जल्मल्यापासून छप्पर ठावं न्हाई. तुझी काय चुकी त्यात? मला सोताला मामाच्या स्लॅबच्या घरात जीव नको व्हतो. लग्नाला गेले तरी म्या अंगणात निजते.

शिवकन्या : हितं अंगणात झोपू देत न्हाईत.

संगीता : खिडकी तर आसंल?

शिवकन्या : हाय. खिडकीजवळच्या खाटेवर दुसरी झोपती. नागपूरकडची हाय. मस्त खिडकी लावून, पांघरूण घेऊन झोपती.

संगीता : मंग तिला म्हन, बाई, तुझी खाट मला दे, माझी तू घे.

शिवकन्या : मला न्हाई जमत मागायला. तोंड उघडलं की हसतेत. 'कावून' म्हनलं तरी हसतेत. म्हनून मी बोलायचंच सोडलंय. लाज वाटती गं. तुझ्याकडं आले म्हंजे कुणाला काय मागायचं कामच न्हाई. म्हन ना 'ये'.

संगीता : बरं. आदी मला एक सांग. मी ह्या रानात हाय, हे तुला कुणी सांगितलं?

शिवकन्या : त्याचं काय आता?

संगीता : सांग की. मलाबी कळू दे.

शिवकन्या : मागच्या रविवारी तू ज्या नंबरवरनं बोलली व्हतीस, तो लावला. तो मोहनरावांचा निघाला. ते म्हनले, वाडा आमच्याकडनं उठला, बायनाबाईच्या रानात गेला. त्यांच्याकडं बायनाबाईचा नंबर नव्हता. मी म्हनलं, काका, गल्लीत कुणाकडं तरी आसंल, बघा ना. त्यांनी शेजाऱ्याकडनं घेऊन देला.

विजयसिंह : मोहनराव उठून शेजाऱ्याकडं गेले? ते तर इलेक्शनशिवाय ओटा उतरत न्हाईत!

शिवकन्या : मंग बायनाबाईला लावला. त्यांना ऐकायला कमी येतंय. मी आपली वरडायलेय, 'मेंढरंवाल्या संगीताची पोरगी!' सगळ्या हॉस्टेलला ऐकू गेलं आसंल. त्या म्हनल्या, तुझी आई सांगून गेलीया, पोरीचा फोन आला तर म्हनावं, आमी रामप्रसादकडं गेलो. नंबरबी त्यांनीच देला, पर रामप्रसादकाका फोनच उचलंनात. म्हनून पुन्यांदा बायनाबाईला लावला अन् रामप्रसादकाकांच्या सुनबाईचा नंबर घेतला. त्या म्हनल्या, कालच उठले हितनं, आता विजयसिंहदादांचं कापसाचं रान. मंग काकांना लावला.

विजयसिंह : अन् मला म्हनली, 'काका, तुमी मला वळखत न्हाईत, पर माझी आई तुमच्या रानात हाय.' घास हातातच ऱ्हायला माझ्या. वहिनी, ह्याला म्हनतेत तपास! फोन बंद, पत्ता न्हाई, मानसं दर दोन-चार दिवसाला रान बदलतेत, अन् पोरीनं तिकडं बसून आई धरून आनली. म्या आजवर लई पोलीस बघितले, पर आसा तपास न्हाई बघितला.

शिवकन्या : काका, मस्करी करू नका.

विजयसिंह : मस्करी न्हाई, बाई. तारीफ हाय. तुझी बी अन् तुझ्या आईची बी. वहिनी, हे दर रानात सांगून निघायचं कुणाचं डोकं?

संगीता : डोकं कशाचं, दादा? आमच्यात पहिल्यापासनं तसंच व्हतं. मागनं येनाऱ्या मानसाला कळावं म्हनून शेवटच्या रानात सांगून उठायचं, आमी अमक्याकडं चाललो. फोन आले अन् आमी सगळेच इसरलो. आता ह्या मेल्या फोननं दगा देला, तवा मला माझ्या सासूचं आठवलं. शिवू, ऐकायलीस का?

शिवकन्या : हां.

संगीता : ह्यातल्या किती मानसांना तू वळखत व्हतीस?

शिवकन्या : कुणालाच न्हाई.

संगीता : कुणी हसलं?

शिवकन्या : बायनाबाई हसल्या. म्हनल्या, तोंड तर बघितलं न्हाई, पर आवाज आईवर गेलाय.

संगीता : मंग लाज वाटून फोन ठिवलास का?

शिवकन्या : न्हाई. तू पायजे व्हतीस ना मला.

संगीता : झोपबी पायजेच हाय की.

शिवकन्या : पर आई...

संगीता : बोल.

शिवकन्या : अन् ती न्हाई म्हनली तर?

संगीता : तर पुढल्या खाटेवालीला इचार. आमाला एखाद्यानं रान न्हाई देलं तर आमी काय मेंढ्या इकून घरी जातो का? बांध वलांडायचा, दुसऱ्याला इचारायचं. आमचं तर पोटच इचारण्यावर चालतंय. रोज नवं रान, रोज नवा मालक. तुझे आबा दर सांजेला कुणाच्या ना कुणाच्या दारात जाऊन म्हनतेत, 'वाडा बसवू का?' त्यांना लाज वाटली आसती तर तू शिकली आसतीस का?

शिवकन्या : न्हाई.

संगीता : मी 'ये' म्हनत न्हाई. 'येऊ नको' बी म्हनत न्हाई. तू शिकलेली हाईस, तुझं तुला कळतंय. फक्त खाट न मागता येऊ नको. झोप आली न्हाई म्हनून पोरगी वापस आली, हे मी सांगू शकते सगळ्यांना. मागितलंच न्हाई म्हनून आली, हे मला सांगता येनार न्हाई.

विजयसिंह : शिवकन्या, मधी बोलतो, माफ कर. त्या नागपूरवालीला थंडी वाजती, तिला भिंतीकडंची खाट पायजेच आसंल. उलट दुवा देईल तुला.

शिवकन्या : काका, तुमाला कसं ठावं?

विजयसिंह : पांघरूण घेऊन झोपती म्हनलीस ना तू? खिडकी लावून? मंग तिला ती खिडकी कशाला पायजे?

शिवकन्या : हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई!

संगीता : झोप नसली की येत न्हाई ध्यानात. मॅडमला काय सांगतीस?

शिवकन्या : सांगते... ऱ्हाते म्हनून. आदी खाट मागते, मंग मॅडमकडं जाते.

संगीता : जोरात माग. बायनाबाईला सांगितलंस तसं.

शिवकन्या : आई, मेंढरांचा आवाज तरी ऐकव जरा.

संगीता : मेंढरं आबांबरूबर गेलीत. हे कोकरू हाय, घे. ए, वरड की आता! दूध पिताना बघा कसं गप झालंय.

शिवकन्या : ऱ्हाऊ दे. त्याचं चुपचुप ऐकू यायलंय.

विजयसिंह : पोरी, तुझं ट्रेनिंग झाल्यावर वर्दीत ये ह्या रानात. फेटा बांधीन तुला. माझा शब्द हाय.

शिवकन्या : येते, काका. आई, पुढल्या रविवारी कुठं आसाल तुमी?

संगीता : आज कसं सांगू? रान ठरलं न्हाई अजून. हुडक.

शिवकन्या : आई, अजून एक...

संगीता : ठेवते आता. दादांच्या फोनची बॅटरी चाललीया. जेव नीट. ठेव, ठेव.

विजयसिंह : वहिनी?

संगीता : घ्या तुमचा फोन. लई उपकार झाले.

विजयसिंह : बॅटरी कुठं चाललीया? म्या पावर बँक लावून आनलाय फोन. अपडेट माझ्याबी फोनला झालंय, ठावं हाय मला. ही एवढी वायर लोंबायलीय, दिसली न्हाई का तुमाला?

संगीता : दिसली की.

विजयसिंह : मंग? पोरगी अजून बोलत व्हती. निवांत बोलायचं व्हतं, मला कुठं घाई हाय?

संगीता : 'ये' तोंडावर आलंतं, दादा. आनखी एक शब्द बोलले आसते, तर निघालंच आसतं.