डाव्या हाताचा चाकू

हॅलो?… हव, तृप्ती, आईच बोलून राहिली. दुसरं कोण राहीन या फोनवर… नाई, घरी नाई. साकोलीत आहो. बजाराचा आवाज आहे तो… हव, बाबा आहे ना संग. व्यायामाच्या मॅडमकडे आणलं होतं.

झालं ते… काय म्हणन. रबराचा बॉल देला हातात, बाबानं पाडला. पुन्हा देला, पुन्हा पाडला. मॅडम म्हणे, मनच लावत नाई ते. मी म्हटलं, मॅडम, बॉलमध्ये त्यायचं मन लागन कसं, जन्मात बॉल खेळला नाई तो माणूस… हसू नको. मॅडम नाई हसली.

आता? आता नंदलालभाऊच्या दुकानात उभी आहो. अवं तेच, कुलुपं, विळे, बॅटऱ्या ठेवते ते… बाबा बाहेर फळीवर बसून आहे. उन्हात. टोपी दिसते मले इथून.

चाकू घेऊन राहिली.

चाकू… घडीचा. खिशात ठेवाचा… भाजीचा नाई वं, भाजीचा घरी आहे. बाबासाठी.

…

झालं तुहं बोलून? मंग आता माहं ऐक.

नाई, आधी ऐक. हव, हव, कापन त्यायचा हात, रक्त येईन, समजलं मले. पण रोवण्याच्या दिवसात लकवा मारला त्यायले, अन् आता धान कापणीले आलं. इतक्या दिवसात त्यायनं काय केलं सांग बरं. मी गिलास हातात देतो तेव्हा पाणी पेते. चमचा तोंडाशी नेतो तेव्हा तोंड उघडते. कंगवा मी फिरवतो. गुंड्या मी लावतो. डावा हात चांगला आहे, चांगला धडधाकट डावा हात, तोही मांडीवर ठेवून बसते. म्हणते, माहा हात गेला आता. अवं, एक गेला, दुसरा तर आहे ना.

मॅडमनं स्पष्ट सांगितलं मले आज. आता नाई चालवला हात, तर मंग नाई चालणार. मनानं उचललं पाह्यजे म्हणे त्यायनं काहीतरी. आपल्या मनानं.

मंग बॉल उचलन का ते? चाकू उचलन.

कसं माहीत म्हणजे… आता तुले सांगतो, पण हसू नको. पाहिलं मी. दुपारी जेवण झालं की ओसरीत खाटेवर पडते ना ते. डोळा लागला, की तो उजवा हात… दिवसभर परक्या माणसाचा असल्यासारखा पडून राहते ना, तोच… त्याची बोटं हालते. अंगठा अन् बाजूची दोन. हळूहळू. शिंगाडा सोलल्यावानी… खरं सांगतो. माशी बसली असन म्हटलं पहिल्या दिवशी. मंग रोज पाहू लागली. भांडे राहू देतो अन् उंबऱ्यावर बसतो पाहत.

एक डाव उठल्यावर विचारलं, काय सपन पडलं जी? तर म्हणते, बोडीच्या पाण्यात उतरलो होतो. गाळात चाकू चाचपून राहिलो होतो. सापडला का म्हटलं. म्हणे, बोटाले लागला, अन् तू उठवलं.

हव. तोच चाकू. बोडीच्या पाळीवर, पाण्याच्या काठाले बसून मोटरीच्या पाइपाची सुतळी कापून राहिले होते, अन् हातच पडला. चाकू गेला पाण्यात. आपण त्यायले दवाखान्यात न्याच्या घाईत, चाकू कोण पाह्यते… तिथंच असन आता गाळात. मासोया वरून जात असन त्याच्या. मले तर कधी कधी वाटते, त्यायचा हातही तिथंच राहिला. दुपारी झोपेत जाऊन भेटून येते त्याले… बरं बरं, नाई बोलत तसं. पण त्या दिवसापासून मले त्यायले दुपारी उठवावंच वाटत नाई.

हव. म्हणून चाकू.

थांब, नंदलालभाऊ काय म्हणते पाहू दे… दाखवा ना भाऊ, तो लाकडी मुठीचा… नाई, तुले नाई, त्यायले म्हटलं.

हा पहिला. सुंदर आहे वं. पितळीच्या टोप्या दोन्हीकडं, शिसवीची मूठ. बाबाचा अस्साच होता. पण याच्या पात्याले बारीक खाच आहे, तिच्यात नख घालून उघडा लागते. एका हातानं धरा, दुसऱ्यानं उघडा. दोन हाताचं काम झालं ते. नाई जमन. ठेवून देतो… मन होत नाई ठेवाचं, पण ठेवतो.

दुसरा? दुसरा इवलासा आहे, किल्लीच्या छल्ल्यात अडकवाचा. बाबाच्या बोटात दिसणारही नाई तो.

काय पाठवलं?… फोटो? आता फोनवर बोलून राहिली, तर फोटो कसा पाहू… थांब… दिसला. हे काय वं? चाकू, कैची, पेचकस, बाटली उघडाचं… हे अन् काय, दातकोरणी? बाबाले काय रेडिओ दुरुस्त कराचा आहे? सकाळी करंजाचं दातून तोडाचं, सुतळी कापाची, पेरू कापाचा. बस. त्यात एक उघडाले जाईन तर चार बाहेर येईन… पोरी, तू चांगलं पाह्यलं, पण नको. अन् ते येईन कधी? मले आज पाह्यजे. आज धूप चांगली आहे, अन् बाबा फळीवर बसून आहे.

काय? रामपुरी? अवं तसले नाई ठेवत भाऊ. खटक्याचा नकोच. एकदम उघडला तर तेच दचकन.

हा… हा पाह्य. याच्या पात्यावर छोटीशी गोल खुंटी आहे. अंगठा लावाचा अन् पुढं ढकलाचं. एका हातानं उघडते म्हणते भाऊ. अन् पूर्ण उघडला की आत पत्ती बसते, मंग आपोआप मिटत नाई. बोटं वाचते… हव, तुही तीच काळजी ना. मिटताना ती पत्ती दाबा लागते.

थांब, मी करून पाहतो. फोन खांद्यात धरला… उजवा हात पदरात बांधून ठेवतो. बांधून म्हणजे बांधून, नाईतर मध्ये येते तो मदतीले, खोडच आहे त्याले… दुकानातले लोक पाहून राहिले. पाहू दे.

…नाई उघडला.

…अंगठा सरकते. डावा अंगठा म्हणजे नवी सूनच वं, काही ठाऊक नाई तिले.

…खट्ट. ऐकू आलं? उघडला. पुन्हा करतो… खट्ट. भाऊ, जमते हो हे.

अग्गं, तृप्ती… याच्या पात्यावर ऊन पडलं अन् समोरच्या भिंतीवर कवडसा हालून राहिला. असा, पाण्यावर हालते तसा. मी हात हालवतो तर तो कुलुपावरून जाते, विळ्यावरून जाते, आता नंदलालभाऊच्या टकलावर… नाई, नाई, त्यायले नाई कळलं. बाहेर नेला तर बाबाच्या टोपीवर जाईन. लहानपणी तू धावत होती त्याच्यामागं, आठवते? बाबा ओट्यावर बसून तुह्या पेन्सिली तासे शाळेच्या आधी. चाकू चमके, अन् तू भिंतीवर हात मारत सुटे, कवडसा पकडाले. शाळेची घंटा होऊन जाये… रोज, हव. अन् बारीक टोक काढून देत. मास्तर म्हणे, ही पोरगी पेन्सिल आणते का सुई.



बरं. हाच घेतो. भाऊ, हा द्या… पाह्य, इतके चाकू दाखवले भाऊनं, पण एकही हातात नाई देला. गल्ल्यावर ठेवते, मंग मी उचलतो. हव ना, चाकू हातात देऊ घेऊ नाई, भांडण होते. तुह्या बाबानं लग्न झाल्यापासून मले चाकू हातात नाई देला कधी. ओट्यावर ठेवे, मी उचलू… भांडणं? झाली ना, लय झाली. पण चाकूपायी नाई झाली.

चल, निघाली मी. नाई नाई, फोन ठेवू नको. चालूच ठेव. मले एकटीले भेव वाटते.

कशाचं म्हणजे… नाई घेतला त्यायनं तर? बॉलवानी पाडून देला तर? मंग मी काय करू सांग. याच्यापुढं मले काही सुचलं नाई आहे वं. हेच एक सुचलं.

…पायऱ्या उतरली. तसेच बसून आहे. येताना ताराबाईच्या टोपल्यातले शिंगाडे घेऊन देले होते, पिशवी बाजूले तशीच आहे. हात नाई लावला. सकाळी मी म्हटलं, दातानं सोलून देऊ काय, तर तोंड फिरवलं तिकडं.

बोलू नको आता. नुसती ऐक.

…अवो. हे पाहा काय आणलं… पाहा तर खरं. तुमच्यासाठी घेतला. हं, घ्या. धरा.

…

तृप्ती.

तृप्ती, हात मागं घेतला त्यायनं.

नाई वं, तसा नाई… रागावून राहिले माह्यावर. म्हणते… थांब, जीभ जड आहे ना, पुन्हा म्हणून राहिले… हातात देते काय? म्हणे, हातात देते काय मले? इतक्या वर्षाची झाली, भांडण लावते काय?

अवं माय. मीच देत होती ना हातात. गिलास देतो, चमचा देतो, तसाच चाकू देला, ध्यानातच नाई राहिलं. आता तर दुकानात तुले सांगून राहिली होती मीच.

…हो जी, चुकलं माहं. ठेवतो… काय म्हणता?… फळीवर ठेव म्हणते. खाली ठेव, मंग घेतो म्हणे.

घेतो म्हणे, तृप्ती.

ठेवला. फळीवर ठेवला मी. बाजूले बसली, चाकू त्यायच्या अन् माह्या मधात.

पाहून राहिले नुसते त्याच्याकडं… मी दुसरीकडं पाहतो. मी पाहीन तर नाई उचलणार, मानी आहे तुहा बाप. समोर एसटी उभी आहे, तिच्याकडं पाहून राहिली मी. भंडाऱ्याची आहे. लोक चढून राहिले. एक बाई कोंबडा घेऊन चढून राहिली… बोलत राहू दे मले वं, नाईतर मान वळते माही.

…

फळीवर वाजलं काहीतरी. लाकडावर लोखंड घासल्यावानी. पडला नाई, पडल्याचा आवाज वेगळा राहते.

वळू?

…घेतला. डाव्या हातात आहे. उलटसुलट करून पाहून राहिले. वजन पाहते… खुंटी सापडली त्यायले. मी नाई सांगितलं, अंगठाच गेला तिच्यावर… नाई उघडला… नाई… अवो, जरा पुढं ढ… बरं, नाई बोलत. बोलू नको म्हणते.

खट्ट.

ऐकलं? ऐकलंस ना तू?… हव, त्यायनंच. मी नाई. मी तर हात पदरात धरून बसली.

आता पिशवीत पाहते… डाव्या हातानं शिंगाडा काढला. हिरवा, मोठा. अन्… थांब. थांब वं. उजवा हात मांडीवर आहे ना, त्याच्या बोटात ठेवला शिंगाडा. आपणच ठेवला… सरकला. पडला खाली. पडू दे. दुसरा घेतला… बोटं मिटली. तृप्ती, अंगठा अन् ती दोन, तीच बोटं. घट्ट नाई. पण धरला. जागेपणी धरला त्यायनं.

एक काटा कापला… दुसरा कापला. वाकडं होऊन राहिलं, साल कमी अन् गर जास्त निघून राहिला. निघू दे. ऊन आहे पात्यावर, टोपीच्या खाली गालावर कवडसा हालून राहिला. त्यायले माहीत नाई.

मी? नाई, मी नाई रडत. तू रडून राहिली. दोघी कशाले रडाचं, एक पुरे.

काय जी?… हव, तृप्तीच आहे फोनवर… सांगतो. तृप्ती, बाबा म्हणते… हसून राहिले वं, एकाच बाजूनं, पण हसून राहिले… म्हणते, पोरीले म्हण दिवाळीले येशीन तर पेन्सिली घेऊन ये. मोडक्या असल्या तरी चालन.

ऐकलंस?… सांगतो त्यायले, आणते म्हणते म्हणून.

चल, ठेवतो आता. फोन धराले हात नाई… कारण त्यायनं चाकू फळीवर ठेवला, अन् शिंगाडा माह्या हातात देला.