अर्धी इकडं, अर्धी तिकडं

पुष्पांजली : हात काढा. माऊसवरचा हात काढा आधी.

हर्षल : अवं, फॉर्मॅट करू का म्हणून तेच इचारून राह्यलं. हो म्हटलं का डिस्क चालू होते.

पुष्पांजली : फॉर्मॅट म्हणजे पाटी पुसणं, मालूम आहे न? सरका. उठा त्या खुर्चीवरून.

हर्षल : ओरडू नको. खाली स्टुडिओत लोक बसले आहेत.

पुष्पांजली : ऐकू द्या. साऱ्या मोताळ्याले ऐकू द्या. माही डी ड्राइव्ह कुठी आहे?

हर्षल : दिसून नाही राह्यली.

पुष्पांजली : ते मले दिसते. सकाळी मी बाजारात गेली तवा होती. आली तं नाही. मधात काय केलं तुम्ही?

हर्षल : काही नाही. रॅमचा स्पीड वाढवला.

पुष्पांजली : काऊन?

हर्षल : तुह्यासाठीच! आठवडाभर कटकट करून राह्यली का व्हिडिओ अडकते, पुढं सरकत नाही. म्या मोबाईलवर पाह्यलं. रॅमच्या डब्यावर बत्तीसशे लिहेल आहे आन् मशीन चालते एकवीसशेवर. बायोसमधी, म्हंजे मशीनच्या आतल्या सेटिंगमधी, एक ऑप्शन असते, ते चालू केलं.

पुष्पांजली : मंग?

हर्षल : मंग स्क्रीन काळी. पंखे फिरत, बंद होत, पुन्हा फिरत.

पुष्पांजली : मंग?

हर्षल : मंग बोर्डावरचा सेल काढला. बटनासारखा असते न, तो. पुन्हा लावला तं झाली चालू. विंडोज आलं. फक्त डी नाही आली.

पुष्पांजली : फक्त! माह्या मशीनचं पोट उघडलं, मले एक फोन नाही केला, आन् फक्त डी नाही आली. अजहर भाऊले लावा फोन.

हर्षल : त्याले कायले? तो खामगावले दुकानात गिऱ्हाईकाच्या गर्दीत असन. म्या करतो न काहीतरी.

पुष्पांजली : तुम्ही केलं तेवढं पुरे झालं. मशीन त्यायनं जोडली, त्यायलेच इचारू. स्पीकरवर लावा.

अजहर : बोला हर्षल भाऊ, सलाम. मशीन ठीक आहे न?

पुष्पांजली : अजहर भाऊ, मी पुष्पांजली. मशीन ठीक नाही. यायनं रॅमचा स्पीड वाढवला, मशीन बंद पडली, मंग सेल काढला. आता डी ड्राइव्ह गायब आहे आन् फॉर्मॅट करा म्हणते.

अजहर : फॉर्मॅट केलं तं नाही?

पुष्पांजली : मी दारातून ओरडली म्हणून राह्यलं.

अजहर : या अल्लाह. भाभी, टेन्शन नका घेऊ, पण कशालेच हात लावू नका. सेल काढला का बायोसची सारी सेटिंग मूळ जागी जाते. आपण त्या दोन डिस्कची जोडी केली होती न, ते जोडीचं सेटिंगबी गेलं. मशीनले आता त्या दोन अलग डिस्क वाटून राह्यल्या. डेटा जागेवरच असन.

पुष्पांजली : असन का आहे?

अजहर : नव्वद टक्के आहे.

पुष्पांजली : मंग असं करते, एक डिस्क काढून जुन्या कॉम्प्युटरले लावते. दोन्हीवर सारखंच आहे. जोडी तुटली तरी एकीवरून भेटन न सगळं?

अजहर : ...भाभी, असं नाही होणार.

पुष्पांजली : काऊन नाही?

अजहर : दोन्हीवर सारखं नाही आहे.

हर्षल : अजहर, ते सोड न. बायोसमधी काय करायचं ते सांग.

पुष्पांजली : तुम्ही चूप बसा. अजहर भाऊ, मी तुमच्या दुकानात येऊन तुमच्यासमोर म्हटलं होतं. एका डिस्कवर जे लिहिलं तेच आपोआप दुसरीवर. एक मेली तं दुसरी राह्यली पाह्यजे. म्हटलं होतं का नाही?

अजहर : बराबर. मिरर म्हणाले होते तुम्ही. पण मंग भाऊचा फोन आला का भाभीनं विचार बदलला, जागा जास्त पाह्यजे आन् स्पीड पाह्यजे. तं म्या स्ट्राइप केलं. त्यात प्रत्येक फाईल अर्धी इकडं, अर्धी तिकडं. फास्ट चालते. पण एक गेली का दोन्ही गेल्या. म्या भाऊले दोनदा सांगतलं होतं, भाभी. खुदा गवाह आहे.

पुष्पांजली : माहा विचार बदलला?

हर्षल : हे पाह्य...

पुष्पांजली : माहा विचार कोणी बदलला?

हर्षल : दोन डिस्क घ्यायच्या आन् जागा एकीचीच वापरायची, हे कोणतं शहाणपण? लग्नसराईत एका लग्नाचं शूटिंग केवढी जागा खाते, तुले मालूम नाही?

पुष्पांजली : त्या समता नवरीच्या हळदीचं शूटिंग गेलं तवाबी डिस्कच मेली होती. पिंपळगाव राजाले तिच्या मायसमोर मान खाली घालून मी उभी राह्यली. तुम्ही गाडीत बसले होते. म्हणून मी दोन डिस्क मागतल्या. आन् तुम्ही मले दोन सालापासून सांगून राह्यले, काळजी नको करू, आपल्यापाशी डबल आहे!

हर्षल : डबल आहेच. लग्नाचं सारं म्या बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवतो. एक फोटोबी जाणार नाही.

पुष्पांजली : लग्नाचं सारं.

हर्षल : हाव.

पुष्पांजली : आन् झुंबरबाई?

हर्षल : ...जागा नव्हती त्याच्यावर.

पुष्पांजली : जागा नव्हती.

अजहर : भाभी, म्या नंतर फोन करू का?

पुष्पांजली : नाही. तुम्ही थांबा, भाऊ. तुम्हीबी ऐका. झुंबरबाई आमच्या इकडची सुईण. अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं तिनं केली. सालभर तिनं मले कॅमेरा काढू नाही देला. मी जाये, तिच्या शेंगा फोडू लागे, आन् घरी येई. मंग एक दिवस तीच म्हणाली, काढ तुहं यंत्र. तिनं जे सांगतलं ते तिनं कोणालेच सांगतलं नव्हतं. आन् यंदा पोळ्याच्या आधी तिले लकवा मारला. वाचा गेली. आता ती कोणाले काहीच सांगू शकत नाही. ती आहे ते त्या डी ड्राइव्हमधी. आन् यायच्यापाशी जागा नव्हती!

हर्षल : झालं? आता माहं ऐक. उन्हात मांडवात म्या उभा राह्यतो. वरातीत धक्के म्या खातो. घर त्या लग्नावर चालते. तू एका म्हातारीपाशी जाऊन बसतं, आन् एडिटिंग माह्या बोकांडी. कोण पाहीन ते? टीव्हीवर लागन का?

पुष्पांजली : न पाहो कोणी. माहं काम होतं. तुम्ही माह्या नावानं खोटं बोलले, हर्षल.

हर्षल : नाव घेऊन बोलतं आता?

पुष्पांजली : हो. घेते. अजहर भाऊ, सांगा काय करायचं. मी करते.

अजहर : मशीन रीस्टार्ट करा आन् डिलीट बटन दाबत राहा. बायोस उघडन. त्यात साटा मोड कुठी लिहेल आहे ते पाहा.

पुष्पांजली : भेटलं. एएचसीआय लिहेल आहे.

अजहर : ते बदलून रेड करा, तेच जोडीचं सेटिंग. आन् सेव्ह करून बाहेर या. फक्त एक ध्यानात ठेवा, पुढं नवीन जोडी बनवा असं इचारलं तं नाही म्हणायचं. नवीन बनवली का जुनी मिटली. जुनी मशीन सोताच ओळखन. डिस्कवर तिचं निशाण असते.

पुष्पांजली : सेव्ह केलं.

(मशीन बंद होते. पंखे पुन्हा फिरू लागतात.)

हर्षल : आली. पुष्पा, डी आली!

पुष्पांजली : दिसते मले. झुंबरबाईचं फोल्डरबी आहे. उघडून पाह्यते... आवाज येऊन राह्यला. चालून राह्यलं.

अजहर : अल्हमदुलिल्लाह. भाभी, पहिले कॉपी करा, बाकी सारं मंग. आन् भाऊ, रॅमचं राहू द्या. दोन पट्ट्या जुन्या आन् दोन मागून टाकलेल्या, दुसऱ्या कंपनीच्या. त्या चौघी मिळून बत्तीसशेवर नाही पळत. दुकानात आणा, एकसारख्या टाकून देतो.

पुष्पांजली : आणते. आन् यापुढं माह्या मशीनबद्दल कोणाचाबी फोन आला तं मले इचारायचं.

अजहर : माफ करा भाभी. तवाच एक फोन तुमाले लावाले पाह्यजे होता. खुदा हाफिज.

पुष्पांजली : बाहेरची डिस्क आणा.

हर्षल : ती भरेल आहे.

पुष्पांजली : मालूम आहे. ज्यायले त्यायचे व्हिडिओ देऊन झाले, त्यायचं काढा.

हर्षल : आन् कोणी परत मागतलं तं?

पुष्पांजली : तं तुम्ही जा त्यायच्या दारात. मी गाडीत बसीन.

हर्षल : ...कोणाचं काढू?

पुष्पांजली : तुमचं काम आहे. तुम्हीच ठरवा. मी तुमच्या वतीनं नाही ठरवणार.

हर्षल : हे शेखरच्या लग्नाचं काढतो. आन् हे अमडापूरचं. झाली जागा. टाक तुहं.

पुष्पांजली : टाकलं.

हर्षल : ही एकच फाईल एवढी मोठी? काय आहे हिच्यात?

पुष्पांजली : तिची लेकरं.

हर्षल : कोणाची, झुंबरबाईची? तिले कुठी लेकरं होती? ती तं एकटीच राह्यते, माह्या लहानपणापासून पाह्यतो मी.

पुष्पांजली : होती. साऱ्या गावची जगवली, तिची नाही जगली. कॅमेऱ्यासमोर एकेकाचं नाव घेतलं तिनं.

हर्षल : ...मी तिच्याच हातचा आहे. माय सांगे.

पुष्पांजली : मालूम आहे. तुमच्या मायचंबी नाव घेते ती.

हर्षल : लाव न. ऐकू दे.

पुष्पांजली : नाही. माहा राग गेला असं समजू नका. आन् तिनं ते मले सांगतलं, तुम्हाले नाही. आधी कॉपी होऊ द्या. उद्या तिच्याकडं जाऊ, तिलेच इचारू, यायले ऐकवू का म्हणून.

हर्षल : ती कशी सांगन आता?

पुष्पांजली : मान हालवते ती अजून.