गोदीच्या भिंतीची सवय

आमच्या दत्ताकाकांना कुठेही सोबत नेऊ नका. मी नेलं, म्हणून सांगते. शिवाजीनगरजवळच्या ब्रिटिश काळातल्या दगडी भिंतीची माहिती मी पहिल्यांदाच वीस जणांना देणार होते. भिंतीच्या बघण्यासारख्या कमानी आतल्या बाजूला आणि आत जायची परवानगी फक्त अकरापर्यंत.

काका मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेले. उंच काळी भिंत आणि फाटक दिसताच त्यांनी वॉचमनसमोर पिशवी उघडून धरली.

"काका, कुणी मागितली का?"

"अगं, तिकडे छत्तीस वर्षं अशाच भिंतीतून डबा दाखवून आत-बाहेर केलंय. हात आपोआप जातो."

कानडी वॉचमनने पिशवीत डोकावून काकांना आत सोडलं आणि आम्हाला अडवलं. "स्वल्प... जरा थांबा मॅडम. सगळ्यांच्या बॅगा बघायच्यात, मग सगळ्यांना एकदम सोडतो."

"अण्णा, काल मी आले तेव्हा तर बघत नव्हता."

"काल कुणी दाखवल्याच नव्हत्या."

आमचे सगळे आयटीवाले, एकेका बॅगेला दहा कप्पे. चौथी बॅग होईपर्यंत अकरा वाजले आणि फाटक बंद झालं.

आतून काकांचा आवाज आला, "कमानी झकास आहेत गं. काय हवं ते विचारा, मी बघून सांगतो."

आणि माझे वीसच्या वीस जण भिंतीला कान लावून त्यांना प्रश्न विचारायला लागले.