माझ्या नावातून बाहेर पड

हॅलो?… कोण?… अगं, तू होय! बोल ना. छे, कामात कुठली, मटार सोलत बसलेय.

काय?… पुस्तकांची लेबलं छापून येत नाहीयेत? वाचनालयातल्या एकाही संगणकावरून?… आणि माझ्या नावानं लॉगिन केलं की येतात!… अगं, मला रिटायर होऊन तीन वर्षं झाली. तीन वर्षं माझ्या नावावर रेटताय? धन्य आहात!

हो, हो… अगं ऐक ना… काय? संगणकवाले आज दुपारी बाराला जुनी नावं पुसणार?… माझंही?

नाही, काही नाही. पुसायलाच हवं. ऐक. लेबलाचं माप माझ्या नावात बसवलंय, म्हणून कुठल्याही संगणकावर बसलं तरी ते मागोमाग येतं. तेच बघून तुझ्या नावात बसवायचं. आत आहेस ना?… तू पहिल्यांदाच उघडतेयस माझं नाव?… क्लिक होत नाही? उजवं बटण दाब. मी डावखुरी ना, माउस उलटा करून घेतला होता. हसू नकोस! ग्रंथपाल एकदा माझ्या खुर्चीत बसले आणि अर्धा तास माउस आपटत होते.

अक्षरं मोठी?… चष्मा घरी विसरायचे ना मी.

पडद्यावरचा फोटो?… अजून आहे तो? अगं, पुस्तकांच्या यादीची कार्डं ठेवायचे ते लाकडी कप्पे रिकामे केले, त्या दिवशीचा. शिडीवर कोण बसलंय?… तीच. आमची पुस्तकं बांधणारी. 'ताई, चहा!' म्हणून वरून ओरडायची, वाचणारे दचकायचे. मागच्या वर्षी गेली गं. फार आठवण येते… पाठव, पाठव. आत्ताच पाठव.

आला. बरं, माप लिहिलंस?… रुंदी… उंची… कागद आडवा. आडवा गं, उभा नाही! किती वाजले?… बाराला दहा? मग चल, माझ्या नावातून बाहेर पड. खाली कोपऱ्यात 'साइन आउट'…

थांब. थांब जरा.

अगं, शेवटच्या दिवशी मी ते दाबलंच नव्हतं. सगळ्यांचा निरोप घेतला, पर्स उचलली, आणि संगणक तसाच चालू ठेवून निघाले. म्हटलं, करेल कुणीतरी बंद. माझ्या हातून होईना बघ.

नाही गं, रडत नाहीये… नाही म्हटलं ना. तू दाब.

दाबलंस?… गेलं सगळं?

बरं. आता तुझं नाव टाक. आणि मला काय सांगत बसतेस, बारा वाजायला आले, कामाला लाग… हो. ठेवते.