पाचव्या रस्त्यावरची कडी

या सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या नगराध्यक्ष ओर्नेल्लाबाई, व्यासपीठावरील मान्यवर, सहाही पेठांचे प्रमुख, घोडेस्वार मंडळी आणि जेवणाची वेळ टळत असूनही शांत बसलेले नगरवासी,

आपल्या शर्यतीला आपण ‘क्विंताना’ म्हणतो. हा शब्द आला कुठून? एक मत असे की, रोमन छावणीतील पाचव्या रस्त्याचे हे नाव. तिथे सैनिक लाकडी खांबावर भाल्याचा सराव करीत. विद्वानांत एकमत नाही. मला मात्र हे मत पटते. खांब उलट वार करीत नाही आणि कोण चुकले हेही सांगत नाही. ते ज्याचे त्यानेच सांगायचे असते.

आज निवृत्त होणारे पंच एर्मेते बार्तोचिनी यांनी सव्वीस वर्षे आपल्या लाकडी पुतळ्याच्या मुठीत, धावत्या घोड्यावरून भाल्याने उचलायच्या कड्या अडकवल्या. पहिल्या फेरीला आठ सेंटिमीटरची, दुसरीला सहाची, तिसरीला पाचची. अकरा वर्षांपूर्वी तिसऱ्या फेरीत त्यांच्याच पेठेचे घोडेस्वार फुल्वियो यांनी कडी अचूक उचलली. पेठ नाचू लागली. भाल्यावरून कडी काढताना एर्मेतेंनी हात वर केला.

“कडी चुकली. ही सहाची आहे. माझी चूक. फेरी पुन्हा.”

“अरे, घरचा असून घर बुडवतोस?” प्रेक्षकांतून कोणी ओरडले. “आधी चष्मा बदल, मग कड्या लाव!”

फेरी पुन्हा झाली. फुल्वियो हुकले, पेठ हरली. त्या दिवसापासून दोघांत एक शब्द नाही.

आता अडचण अशी, की पंच असेपर्यंत कोणत्याही पेठेच्या पंगतीत बसता येत नाही, आणि निवृत्त पंचाला परत घ्यायचे की नाही, हे पेठप्रमुख ठरवतो. प्रमुख आज फुल्वियो आहेत. एर्मेतेंना या सन्मानचिन्हापेक्षा त्या पंगतीची आस आहे, हे इथे कोणाला ठाऊक नाही?

म्हणून काल मी फुल्वियोंना गाठले.

“अजून राग आहे?”

“त्याच्यावर कधी नव्हताच, सेक्रेटरीसाहेब.”

“मग अकरा वर्षे?”

“कडी मोठी आहे हे भाला लागला तेव्हाच मला कळलं होतं. मी हात उंचावून फिरत राहिलो. तो बोलला, मी नाही. कोणत्या तोंडाने त्याच्यासमोर जाऊ?”

“हे त्यांना सांगा.”

“एकट्याला नाही. जिथे ऐकणारे सगळे असतील तिथे सांगेन. आणि त्याची खुर्ची माझ्या उजव्या हाताला मांडली आहे, हेही तिथेच.”

आपण शांतपणे ऐकलेत, आभारी आहे. बोलण्यात काही राहून गेले असल्यास भाषणाच्या शेवटी क्षमा मागावी, असा प्रघात आहे. पण आज या सभागृहात तो पहिला मान माझा नाही. मी माझी क्षमायाचना राखून ठेवतो आणि ध्वनिक्षेपक फुल्वियोंच्या हाती देतो.