मागे कोणी नाही

…आणि शिकवायचं कोणाला, तर मला! नाही, तुम्हीच सांगा, ज्या माणसाने साहेबांची गाडी अशी चालवली की मागच्या सीटवर साहेब चहा प्यायचे आणि बशीत थेंब सांडायचा नाही, त्या माणसाला या वयात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवायचं, तीही एक पाय आखूड असलेली, आणि सांगायचं की काका, गाडी मागे घेताना जपून घ्यावी… अहो, जपून! उभं आयुष्य स्टिअरिंगवर गेलं माझं, गाडीला साधा ओरखडा नाही!

बरं, पाठवलं कोणी? पोलिसांनी? छे! पोटच्या पोरीने. आमची लेक इस्पितळात नर्स आहे, लहान मुलांच्या वॉर्डात, आणि तुम्हाला सांगतो, लेक नर्स असली की बापाच्या घराचाही वॉर्ड होतो. यंदा सुट्टीत तिला जादा ड्यूटी लागली, जावई कामासाठी बाहेरगावी, म्हणून नातीला महिनाभर आमच्याकडे ठेवायचं ठरलं. नात अडीच वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ! मी तर हरखूनच गेलो होतो. जिन्याला जाळी बसवली, तीनचाकी सायकल आणून ठेवली, हिने, म्हणजे आमच्या मंडळींनी, काचेचं सगळं सामान वरच्या फळीवर चढवलं, आणि ऐन वेळी लेकीचा फोन. काय, तर आमच्या इस्पितळात गाडी चालवणाऱ्यांसाठी एक वर्ग आहे, लहान मुलांना गाडीपासून काय काय धोका असतो ते शिकवतात, तो केल्याशिवाय पोरीला पाठवणार नाही. मी म्हटलं, अगं, मला कसला वर्ग? उभं आयुष्य स्टिअरिंगवर… तर मला वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही. म्हणाली, "बाबा, ओरखड्याचं मी विचारलंच नाहीये. जमत नसेल तर सांगा, मी तिला सासूबाईंकडे ठेवते."

म्हणजे आमच्या व्याह्यांकडे! आता व्याही माणूस चांगला आहे, माझं काही म्हणणं नाही, पण त्या माणसाला साधी सायकल येत नाही हो! मी तेच बोललो, तर लेक म्हणते, म्हणूनच तर, त्यांच्याकडे गाडीच नाही. घ्या! म्हणजे गाडी येते हा माझा गुन्हा! आणि व्याह्यांनी काय करावं, संध्याकाळी फोन केला आणि अगदी साखरेत घोळून, सावकाश… "तुम्ही मुळीच मनाला लावून घेऊ नका हं. आम्ही आनंदाने सांभाळू. आमचं अंगण काय, मोकळंच असतं." मोकळंच असतं म्हणे! टोमणा कळतो हो मला. त्या रागात मी वर्गाला नाव दिलं.

वर्ग कुठे, तर इस्पितळाच्या मागे, जिथे गाड्या लावतात तिथे. माझ्या एका बाजूला टेंपोवाला, हा असा आडवा, दुसऱ्या बाजूला बँकेचे मॅनेजर, त्यांना त्यांच्या सुनेने पाठवलेलं. म्हणजे सगळे घरच्यांनी धाडलेले! आणि शिकवायला कोण? माझ्या लेकीहून लहान मुलगी, हातात शिट्टी. ती म्हणाली, लहान मुलांना सगळ्यात जास्त धोका हमरस्त्यावर नाही, स्वतःच्या अंगणात असते, आणि गाडी चालवणारा बहुतेक घरातलाच असतो. मी मनात म्हटलं, असतील लोक तसे. आपलं काय? उभं आयुष्य गेलं, साधा ओरखडा नाही!

टेंपोवाल्याने तर हातच वर केला. म्हणाला, मॅडम, आपल्याला ही भीतीच नाही, आपल्या टेंपोला रिव्हर्सची ट्यून आहे, मागे घेताना ती गाणं वाजवते, सगळ्या गल्लीला कळतं. ती मुलगी म्हणाली, छान, मग गाणं वाजलं की पोरं लांब पळतात का? टेंपोवाला तोंड उघडून "हो" म्हणणार होता, पण थांबला. मान खाली घातली, आणि मग म्हणाला, "नाही मॅडम. गाणं ऐकायला येतात. मागे नाचतात."

तुम्हाला सांगतो, कोणी हसलं नाही.

पण मी मुळात हट्टी. मी म्हटलं, ट्यूनचं सोडा, आरसे कशाला दिलेत? झालं! तिला हेच हवं होतं. मला म्हणाली, काका, बसा तुमच्या गाडीत, पण चावी माझ्याकडे द्या. चावी! चावी काढून घेतली हो माझी, बँकेच्या मॅनेजरांदेखत! बसलो. तिने शिट्टी वाजवली, मागे काहीतरी खुडबुड झाली, आणि मग विचारते, काका, मागे कोण आहे? मी डावा आरसा पाहिला, उजवा पाहिला, मधला पाहिला, मान मोडेपर्यंत मागे वळून पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, मागे कोणी नाही. पुन्हा शिट्टी. आणि माझ्या डिकीमागून एकेक डोकं वर यायला लागलं… मॅनेजर, त्यांच्या मागून एक रिक्षावाला, मग आणखी कोण कोण, अख्खा वर्ग माझ्या गाडीमागे उकिडवा बसलेला! टेंपोवाल्याला तर उठताच येईना, दोघांनी काखेत हात घालून उभा केला. एवढा आडवा माणूस, आणि मला दिसला नाही!

मग मला तिथे बसवलं. गुडघे कुरकुरले, पण बसलो. उकिडव्या माणसाची उंची, म्हणे, अडीच-तीन वर्षांच्या मुलाएवढी. समोर काय दिसतं? बंपर, तांबडा दिवा, चकचकीत नंबरप्लेट. चालवणारा माणूस दिसतच नाही. गाडी बंद, चावी त्या मुलीकडे, तरी मी उठून बाजूला झालो, खोटं कशाला सांगू? पण घरी आल्यावर हिला मी तसं काही बोललो नाही. उभं आयुष्य स्टिअरिंगवर गेलेल्या माणसाने बायकोला काय सांगायचं, उकिडवं बसवलं म्हणून? शिवाय ही लगेच म्हणाली असती, "अहो, आयुष्यभर तुमच्या गाडीमागे उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' कोण करत होतं? ओरखडा कसा येईल?"

तर नात आली. घर कसं भरून गेलं! व्याह्यांना मी मुद्दाम फोन करून तिचा आवाज ऐकवला. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मी दूध आणायला निघालो. गाडीत बसलो, आरसे पाहिले, मागे कोणी नाही. चावी घातली. आणि आठवलं, त्या मुलीने सांगितलं होतं, निघण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारायची. मी म्हटलं, कशाला? नात हिच्याकडे आहे, आत पोहे खाते आहे. पण लेक फोनवर विचारणार, "बाबा, चक्कर मारली होती का?", आणि तिच्याशी खोटं बोललं की तिला आवाजावरून कळतं. म्हणून, केवळ म्हणून, चरफडत उतरलो.

गाडीमागे ती बसली होती. जमिनीवर, फतकल मारून. तांबड्या दिव्यावर तळहात ठेवून. मला बघून एवढंच म्हणाली, "आबा, टाटा."

टाटा करायला आली होती हो! हिला वाटलं पोर माझ्याकडे आहे, मला वाटलं हिच्याकडे आहे. तिथेच तिच्याशेजारी बसलो, तिला पोटाशी धरलं आणि रडलो. ही धावत बाहेर आली, ती काय झालं ते न विचारताच रडायला लागली.

आता प्रश्न, लेकीला सांगायचं का? सांगितलं तर पोर संध्याकाळच्या आत व्याह्यांच्या मोकळ्या अंगणात! पण सांगितलं. तिने मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "चक्कर मारली म्हणून दिसली ना? मग राहू दे तिला." आणि एक नियम घालून दिला, तोही त्या वर्गातलाच. मी गाडी काढायची तेव्हा हिने नातीला कडेवर घेऊन पुढच्या खिडकीत उभं राहायचं, नातीने हात हलवून टाटा करायचं, आणि तो हात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी चावी फिरवायची नाही. मी देवाशपथ कबूल केलं.

पहिले दोन-तीन दिवस छान गेले. मी चक्कर मारायचो, बसायचो, खिडकीकडे बघायचो, हात हलायचा, मी निघायचो. पण ती कोणाची नात? तिच्या ध्यानात आलं की आपण टाटा केलं की आबा जातो… आणि नाही केलं की जात नाही!

आता ती खिडकीत येते, माझ्याकडे बघून गोड हसते, आणि दोन्ही हात पाठीमागे घेते. ही विनवण्या करते, मी आतून हात हलवून दाखवतो, शेजारी गॅलरीत उभे राहून बघतात, गाडी चकाचक, चावी हातात, आरशात मागे कोणी नाही, आणि मी बसलोय! शब्द दिलाय, मोडता येत नाही. आणि खरं सांगू, मोडायची हिंमतही नाही.

काल दूध आणायला चालत गेलो.