गोल आधी कुणाला

नवरा : ओरडलीस का?

बायको : कुठे ओरडले?

नवरा : हात तोंडावर नेलास ना आत्ता! म्हणजे गोल झाला. माझ्या टीव्हीत मात्र चेंडू अजून मैदानाच्या मधेच लोळतोय.

बायको : अहो, टीव्हीवर जरा उशिरा दिसतं, त्याला मी काय करू?

नवरा : तू कशाला काही करशील? तुझा तो डॉक्टर कळवतो की फोनवर.

बायको : माझा कसला? फुटबॉलच्या ग्रुपमध्ये ढीगभर माणसं आहेत. तो स्टेडियममध्येच बसलाय, म्हणून आधी लिहितो.

नवरा : आणि त्या ढिगातून तू हसतेस ती नेमकी त्याचंच वाचून. हं, झाला बघ. शिळा गोल.

बायको : जळताय की काय?

नवरा : मी? त्याच्यावर? मी त्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही.

बायको : मी तरी कुठे पाहिलंय!

नवरा : ऑफसाइड तुला कुणी शिकवला? आपल्या चष्म्याच्या दुकानात, काउंटरवर काड्या मांडून? एका ट्रान्झिस्टरला दोघं कान लावून बसायचो. गोल झाला की माझं मनगट धरायचीस. आता फोन धरतेस.

बायको : धरायचे ना. आणि तोंड उघडलं की तुम्ही 'शूऽऽ' करायचात.

नवरा : मग कॉमेंटरी ऐकू नको यायला?

बायको : टीव्ही आला तरी तेच. एकदा स्टेडियममध्ये नेलंत, कानठळ्या बसवणारा गोंगाट, आणि तिथेही शूऽऽ! इतकी वर्षं मॅच बघतेय, पण 'तुम्हाला काय वाटतं' हे मला पहिल्यांदा कुणी विचारलं, ठाऊक आहे? डॉक्टरांनी.

नवरा : मघाशी काय लिहिलं होतं त्यानं? खुदकन हसलीस ते.

बायको : आपला गोलकीपर म्हणे भाडेकरूसारखा उभा आहे. घर आपलं नाही, तर दार कशाला लावा!

नवरा : (हसू दाबत) हं. बरं लिहितो मेला. तेच तर खुपतं.

बायको : हसलात!

नवरा : ठसका लागला.

बायको : फोन बंद करू का?

नवरा : नको. माझ्यावर उपकार नकोत.

बायको : बरं, पालथा ठेवते. झालं?

नवरा : वाजतोय बघ.

बायको : वाजू दे.

नवरा : त्यांना पेनल्टी मिळाली. तुला... काय वाटतं?

बायको : मला विचारताय?

नवरा : दुसरं कोण बसलंय इथे?

बायको : तो दहा नंबरवाला आहे ना, मारायच्या आधी मोजा वर ओढतो. ज्या पायाचा ओढतो, त्याच्या उलट बाजूला मारतो. मागच्या मॅचपासून बघतेय मी.

नवरा : अगं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही. डॉक्टरला सांगितलंस?

बायको : अजून नाही.

नवरा : मग नको सांगूस.